पाण्याचें निदान

पावसाळ्यांत वर्तमानपत्रें उघडावीं तों 'पूर', 'महापूर', 'प्रलय' हे शब्द एकाच अर्थानें योजलेले आढळतात. आमच्या मतें ही केवळ भाषेची ढिलाई नव्हे. ती निदानाचीच चूक होय.

वैद्याची रीत पाहा. शरीराचा निम्म्याहून अधिक भार पाण्याचाच असतो. परंतु त्याच्या सर्व विकारांस वैद्य एकच नांव देत नाहीं. शरीरांतील पाणी मलावाटें बेसुमार वाहूं लागलें तर अतिसार. 'अति सरणें', म्हणजे फार वाहणें, हा अर्थ त्या शब्दांतच आहे. पोटांत सांचून राहिलें तर जलोदर. रक्तवाहिनीच फुटली तर रक्तस्राव. नांवें निराळीं, म्हणून उपायही निराळे. अतिसारांत गेलेलें पाणी व क्षार भरून द्यावे लागतात. जलोदरांत यकृतादि अवयवांचा मूळ रोग शोधावा लागतो. रक्तस्रावांत जखम आधीं दाबून धरावी लागते.

हाच विवेक नदीच्या बाबतींतही हवा. पाऊस फार होऊन नदी पात्राबाहेर पसरते, तो पूर. तो तिचा स्वभावच आहे. काठची सुपीक जमीन पुराच्या गाळानेंच घडली आहे. तेथें पूररेषेच्या आंत घर न बांधणें हेंच शहाणपण.

मुंबईस २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. परंतु भराव व वस्तीमुळें अरुंद झालेली मिठी नदी आणि समुद्राची भरती यांमुळें पाणी बाहेर पडेना. तें तुंबणें हा शहराचा जलोदर होय. पंपानें उपसा केल्यास क्षणभर आराम पडतो. रोग तसाच राहतो.

पुण्याजवळ १२ जुलै १९६१ रोजीं काम पुरें होण्यापूर्वींच भरलेलें पानशेतचें मातीचें धरण फुटलें व पाठोपाठ खडकवासल्याचेंही. लोक त्यास 'पानशेतचा पूर' म्हणतात. वस्तुतः ती फूट होती. 'प्रलय' म्हटलें कीं दोष आकाशाकडे जातो, आणि मनुष्याच्या हातून काय चुकलें हा प्रश्नच उरत नाहीं.

शिवाय बाहेरचें पाणी व शरीराचे रोग यांची गांठ प्रत्यक्षांतही पडते. विहिरींत पुराचें पाणी शिरलें कीं अतिसार पसरतो. तुंबलेल्या पाण्यांत उंदरांचें मूत्र मिसळलें कीं पायाच्या जखमेवाटें लेप्टोस्पायरोसिसचे जंतु शरीरांत शिरतात. म्हणून पाणी उकळून प्यावें आणि जखमी पायानें त्या पाण्यांत उतरूं नये.

विद्यार्थिमित्रहो, पाणी दाराशीं आलें असतां वडील मंडळींस अवश्य विचारा: हें पसरलें, तुंबलें, कीं फुटून आलें? योग्य नांव सांपडलें म्हणजे अर्धा उपाय सांपडला.