लग्नाआधीचा ‘ग्लो’ आणि बिनलेबलाची डबी



तुळशीचं लग्न झालं की आमच्या ओपीडीत एक प्रश्न सुरू होतो, तो थेट ज्येष्ठापर्यंत चालतो. “डॉक्टर, पुढच्या महिन्यात हिचं लग्न आहे, चेहऱ्याला काहीतरी द्या.” विचारणारी बहुतेक वेळा आई, मावशी किंवा आत्या असते. जिचं लग्न आहे ती मान खाली घालून बसलेली असते. अलीकडे यात एक भर पडली आहे. मुलगी येते तेव्हा चेहरा लालबुंद झालेला असतो, उन्हात गेलं की आग होते आणि पर्समध्ये एक छोटी पांढरी डबी असते. डबीवर कंपनीचं नाव नाही, तारीख नाही, काहीच नाही. “पार्लरच्या ताईंनी दिली, ब्रायडल पॅकेजमध्ये होती.”

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. मी मेकअपच्या विरोधात नाही. नवरीचा अंबाडा बांधणं, नऊवारीवर शोभेल असं केस आणि चेहऱ्याचं काम करणं, मुंडावळ्या दिवसभर जागच्या हलू न देणं ही कला आहे. मंगळवेढ्यात आणि आसपासच्या गावांत कितीतरी बायका या कलेवर घर चालवतात. पहाटे चारला उठून मुहूर्ताच्या आत नवरी तयार करतात. तो मेकअप रात्री साबणानं धुवून निघतो. माझं भांडण आहे ते लग्नाच्या दोन-तीन महिने आधी सुरू होणाऱ्या ‘प्री-ब्रायडल ग्लो’शी, कारण त्यातलं बरंचसं सौंदर्यप्रसाधन नसतंच. ते औषध असतं, आणि काही वेळा सरळ विष असतं.

त्या डबीत नेमकं काय असतं? आमच्याकडे येणाऱ्या चेहऱ्यांवरून पाहिलं तर सगळ्यात जास्त वेळा स्टिरॉइड. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही त्यांची नावं. एक्झिमासारख्या आजारात, थोडे दिवस, नेमक्या जागी लावायला ही उत्तम औषधं आहेत. निरोगी चेहऱ्यावर लावली की पहिल्या आठवड्यात जादू होते. त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, लाली जाते, पुरळ बसतं, रंग उजळ दिसतो. सगळे म्हणतात, “काय ग्लो आलाय!” इथंच फसगत होते, कारण पुढचं तेव्हा दिसत नाही. दीड-दोन महिन्यांत त्वचा पातळ होते, गालावर लाल जाळी दिसू लागते, बारीक लव वाढते, मुरमं फुटतात. आणि मलम थांबवलं की चेहरा असा पेटतो की मुलगी घाबरून पुन्हा तेच लावते. त्वचारोगतज्ज्ञ याला स्टिरॉइडवर अवलंबून झालेला चेहरा म्हणतात. 2011 साली देशातल्या 12 केंद्रांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. चेहऱ्याची तक्रार घेऊन आलेल्या 2926 रुग्णांपैकी 433 जण, म्हणजे जवळपास 15 टक्के, चेहऱ्यावर स्टिरॉइड लावत होते.

आता हळदीचा दिवस आठवा. वैशाखाचं ऊन, अंगणात मांडव, चेहऱ्यावर हळद, वर आठ दिवसांपूर्वीचं ब्लीच. पातळ झालेल्या त्वचेला हे सोसत नाही. मग लग्नाच्या आदल्या रात्री फोन येतो, “चेहरा सुजलाय, इंजेक्शन देऊन बसवा.”

दुसरा पदार्थ पारा. हा त्वचेत काळा रंग तयार होण्याची क्रियाच अडवतो, म्हणून माणूस झपाट्यानं उजळ दिसतो. पण पारा त्वचेवर थांबत नाही. तो आत शिरतो आणि मूत्रपिंड गाठतो. कुठल्या तरी परदेशातली गोष्ट सांगत नाही, अकोल्याची सांगते. तिथल्या एका कॉलेजच्या मुलीनं स्थानिक ब्युटिशियनकडून गोरेपणाचं क्रीम घेतलं. रंग उजळला, कौतुक झालं, म्हणून आई आणि बहीणही तेच लावू लागल्या. 2022 च्या सुरुवातीला तिघींच्याही मूत्रपिंडांना सूज आली. एका घरात एकदम तिघी, म्हणून डॉक्टरांना शंका आली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात ते क्रीम तपासलं, तर त्यात मर्यादेच्या कितीतरी पट पारा निघाला. केरळात मलप्पुरम जिल्ह्यातल्या कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी तर अशा रुग्णांची नोंदच ठेवली. जुलै 2021 ते सप्टेंबर 2023 या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट आजाराचे 22 रुग्ण आले. त्यातल्या 15 जणांत आजाराचा एक खास प्रकार सापडला, आणि त्या 15 पैकी 13 जण गोरेपणाचं क्रीम लावत होते.

कायदा काय म्हणतो? 2020 च्या कॉस्मेटिक्स नियमांनुसार चेहऱ्याच्या क्रीममध्ये पारा घालताच येत नाही. चुकून राहिला तरी तो दहा लाख भागांत एका भागापेक्षा जास्त नको. स्टिरॉइडची 14 मलमं 2018 मध्ये चिठ्ठीशिवाय विकायला बंदी असलेल्या यादीत गेली. नियम आहेत. पण बिनलेबलाच्या डबीला नियम कुठून लागू करणार? पकडायला तिच्यावर नावच नाही.

“आम्ही काय करणार, गिऱ्हाईकच मागतं,” असं पार्लरवाल्या ताई म्हणतात. मागतं, हे खरं. पण गिऱ्हाईक गोरेपणा मागतं, पारा मागत नाही. “हर्बल आहे” हेही उत्तर नाही. हर्बल असेल तर वनस्पतींची नावं लेबलवर छापायला कुणी अडवलंय? आणि सगळा दोष एकट्या पार्लरवर टाकणंही मला पटत नाही. चिठ्ठी न मागता ट्यूब देणारा मेडिकलवाला आहे. “लावून बघ” म्हणून तीच ट्यूब लिहिणारे आमच्यातले डॉक्टरही आहेत. आणि सगळ्यात वर तो बायोडेटा. ‘रंग : गोरा’, ‘निमगोरा’, ‘सावळा’. वधूचं शिक्षण एका ओळीत आणि रंगासाठी स्वतंत्र ओळ! मुलाकडच्यांना मी विचारते, तुमच्या मुलाच्या रंगाची ओळ कुठे आहे? रूपापायी बाईच्या जिवावर कसं बेततं, हे कान्होपात्रेच्या गावाला मी वेगळं सांगायला नको.

आपल्या भागात रब्बीच्या ज्वारीची काढणी माघ-फाल्गुनात येते आणि लग्नं चैत्र-वैशाखात. ज्या मुलीनं महिनाभर रानात काढणी केली, तिचा चेहरा आणि हात काळवंडणारच. तो रोग नाही. उन्हापासून आतल्या पेशी वाचवायला त्वचेनं उघडलेली ती छत्री आहे. डोक्यावरून पदर किंवा ओढणी, पूर्ण बाह्यांचा सदरा, दुपारचं ऊन टाळणं आणि सनस्क्रीन एवढ्यावर हा काळेपणा काही आठवड्यांत आपोआप उतरू लागतो. मूळ रंग मात्र तोच राहतो. तो बदलून देतो म्हणणारा खोटं बोलतो किंवा पारा विकतो.

केसांचंही थोडं. ‘केराटिन’, ‘स्मूदनिंग’ करताना डोळे चुरचुरले, घसा खवखवला तर त्यात फॉर्मलडिहाइड असू शकतं. ‘फॉर्मलडिहाइड नाही’ असं लिहिलेल्या काही क्रीममध्ये ग्लायऑक्सिलिक अॅसिड असतं. ट्युनिशियातल्या 26 वर्षांच्या एका बाईला प्रत्येक वेळी केस सरळ केल्यावर, असं तीनदा, मूत्रपिंडाचा त्रास झाला. 2024 मध्ये ही केस मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. आणि मेंदी तासाभरात काळीकुट्ट रंगत असेल तर ती मेंदी नाही, त्यात केसांच्या काळ्या डायमधलं रसायन मिसळलेलं असतं. खरी मेंदी आधी केशरी दिसते, मग दोन दिवसांत गडद होते.

लग्न ठरलं असेल तर एवढं करा. कुठलंही नवं फेशियल, ब्लीच, रंग किंवा क्रीम लग्नाच्या शेवटच्या महिन्यात पहिल्यांदा वापरू नका. मेकअपचं सामान आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस बघा, चांगली मेकअप आर्टिस्ट याला नाही म्हणणार नाही. लेबलवर उत्पादकाचं नाव-पत्ता, लायसन्स क्रमांक, बॅच आणि मुदत नसेल तर पैसे भरले असले तरी ती डबी परत करा. ‘मर्क्युरस क्लोराइड’, ‘कॅलोमेल’ असं लिहिलेलं असेल तर हातही लावू नका. आणि “हे लावताना सोन्याचांदीचे दागिने काढून ठेवा” असं कुणी सांगितलं, तर तो पाऱ्याचा इशारा समजा, पारा सोन्याला चिकटतो.

आधीच लावत असाल तर घाबरू नका, पण डबी फेकू नका. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून डॉक्टरांकडे घेऊन या. बिनलेबलाचं क्रीम आजच थांबवा. त्यानंतर चेहरा लाल झाला, आग झाली तर पुन्हा तेच लावण्याऐवजी दाखवायला या, त्यावर उपचार आहेत. मेडिकलमधून आणलेली स्टिरॉइडची ट्यूब बरेच महिने लावली असेल तर ती कशी बंद करायची हे त्वचारोगतज्ज्ञांना विचारा. पंढरपूर-सोलापूरला जावं लागलं तरी जा. लघवीला फेस येत असेल, सकाळी डोळ्यांखाली किंवा पायावर सूज दिसत असेल, तर त्याच दिवशी लघवीतली प्रथिनं, रक्तदाब आणि क्रिएटिनिन तपासून घ्या. घरात तोच टॉवेल वापरणारी, त्याच उशीवर झोपणारी लहान मुलं असतील तर त्यांनाही बरोबर आणा.