हाकेच्या पलीकडे

शहाडच्या आमच्या घरी यंदा आकाशकंदील टांगताना भाचा म्हणाला, "मामा, आकाशात सोडायच्या वस्तू आता माझ्याकडे सोपवा!" स्वारी इंजिनियर आहे. माणसावाचून उडणारी ड्रोन यंत्रे हा तिचा सध्याचा ध्यास.

दोरी ओढता ओढता मी त्याला २६ जुलै २००५ ची रात्र सांगितली. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि इकडे उल्हास नदी आमच्या अंगणात आली. वीज गेलेली. मी वरच्या मजल्यावरून रात्रभर बॅटरी हलवीत हाका मारीत होतो. ज्याने ओ दिली तो सापडला. समोरच्या काकूंनी ओ दिली नाही. उजाडल्यावर पाहतो, तो काकू पत्र्याच्या छपरावर, पाण्याच्या टाकीला पदराने स्वतःला बांधून बसलेल्या! घसा पार बसला होता. वाचल्या, हे नशीब. पण तीस हातांवरचे माणूस आम्हांला दिसले नाही, ही टोचणी काही जात नाही.

"यंत्राला ओ लागत नाही, मामा," भाचा म्हणाला. उष्णता टिपणारा कॅमेरा अंधारातही अंगाची ऊब हेरतो. शेतकरी तास धरून नांगरतो, तसे यंत्र नेमून दिलेला टापू ओळीने पालथा घालते. बॅटरी संपत आली, की आपण होऊन परतते. ही काही परदेशची नवलाई नव्हे. मुंबईच्या आयआयटीत शिकलेल्या तरुणांनी २००७ साली 'आयडियाफोर्ज' कंपनी काढली. संरक्षण संशोधन व विकास संस्थेच्या साथीने त्यांनी घडवलेले 'नेत्र' २०१३ साली उत्तराखंडच्या प्रलयात अडकलेल्यांना शोधत होते.

"मग काकू दिसल्या असत्या?" मी विचारले.

भाचा घुटमळला. मुसळधार पावसात, वाऱ्यात लहानसे यंत्र टिकणेच कठीण. ओल्या कपड्यांखाली ऊब अंधूक होते. चिखलाखालची तर दिसतच नाही. कुत्रे कोणते अन् माणूस कोणते, हेही यंत्राला शिकवावे लागते. "खात्रीने नाही सांगता येत," तो म्हणाला. मला त्याचा हा प्रामाणिकपणा आवडला.

आणि दिसणे म्हणजे काही सुटणे नव्हे. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीच्या दरम्यान याच उल्हासच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली. सारी गाडी डोळ्यांसमोर होती. तरी हजारावर प्रवाशांना बाहेर काढायला होड्या आणि माणसांचे हात लागलेच. पण हात कुठे न्यायचे, हे आधी कळायला नको का?

काकू आज नाहीत. कंदील लागला, तेव्हा भाच्याने त्या छपराची जागा विचारून घेतली. मग म्हणाला, "मामा, उद्या रात्री ओली चादर पांघरून गच्चीवर बसाल? आणि कितीही हाका मारल्या, तरी ओ द्यायची नाही."

घरच्या मंडळींचे म्हणणे एवढेच, की या वयात सर्दी होईल. होईना का! काकू रात्रभर भिजल्या. मी तासभर भिजेन.