पेन, पत्र आणि तांबडी रेघ

आमच्या नातीनें परवां निबंधाची वही दाखविली. ‘माझें पेन हरवलें’ ह्या वाक्यांतील ‘पेन’वर गुरुजींची तांबडी रेघ होती, आणि बाजूस शेरा होता: ‘लेखणी. परकीय शब्द टाळा.’ रेघ शाईची, वही कागदाची. ‘शाई’ म्हणजे फारसींत काळेपणा (मग तांबडी शाई ती कसली!), आणि ‘कागद’ही फारसींतूनच आलेला. परक्यास हांकलण्यास गुरुजींनीं परकेच शिपाई धाडले म्हणावयाचे.

भाषाशुद्धीचे आम्ही वैरी नाहीं. सावरकरांनीं रूढ केलेले ‘दिनांक’, ‘महापौर’ आज कोणाच्या तोंडीं नाहींत? १९२५ मध्यें फारसी-मराठी कोश प्रसिद्ध करणारे माधव जूलियन पुढें शुद्धीचे कैवारी झाले. पण काय टाकावयाचें आहे, तें त्यांस पुरतें ठाऊक होतें. आजच्या तांबड्या शाईस तें ठाऊक नाहीं, एवढेंच आमचें भांडण आहे.

‘पेन’ हा लॅटिन ‘पेन्ना’चा वंशज. पेन्ना म्हणजे पीस. पीस तासून लिहीत, म्हणून हें नांव. आतां संस्कृत ‘पत्र’ घ्या. त्याचा धातु पत्, म्हणजे उडणें. आणि पत्र म्हणजे पंख, पीसही. भाषाशास्त्रज्ञ ह्या दोन्ही शब्दांचें मूळ एकच मानतात. त्याच निबंधांतील ‘पत्र’ गुरुजींनीं सन्मानानें ठेवलें, आणि त्याच्या चुलत भावंडास दाराबाहेर काढलें! खुद्द ‘लेखणी’चा धातु लिख्, म्हणजे ओरखडणें, लॅटिन ‘स्क्रीबेरे’चा मूळ अर्थही तोच. शहाबाजगढीच्या अशोकलेखांत तर ‘लिपि’च्या जागीं ‘दिपि’ आहे, आणि तें रूप प्राचीन इराणी लेखांतलें. सोंवळें नेसवावयाचें तरी कोणास?

स्वकीय शब्द असतां परका कशास, असें कोणी विचारील. बोरू कापावा लागे, टाक दौतींत बुडवावा लागे, पेन पोटांत शाई घेऊनच येतें. ह्या सर्वांस सरसकट लेखणी म्हणण्यानें भाषा शुद्ध होत नाहीं, मुकी होते.

आणि हा सोंवळेपणा सोलापुरांत! लॅटिन ‘टेक्सेरे’ म्हणजे विणणें. त्यापासून इंग्रजींत मजकुराचें ‘टेक्स्ट’ आलें आणि कापडाचें ‘टेक्स्टाइल’ही. आपल्याकडे ‘सूत्र’ म्हणजे धागा आणि ‘ग्रंथ’ म्हणजे गुंफलेलें; मागांच्या ह्या गांवास तें निराळें सांगावयास नको. येथें विणकराचें मूल घरीं तेलुगु बोलतें, शेजारीं कन्नड ऐकतें आणि शाळेंत मराठी लिहितें. ह्या शहराचें नांव देशभर नेणारी ‘चादर’ही फारसीच, ती ‘आच्छादन’ म्हणून कोणीं विकून दाखवावी.

नातीचा आधींचा निबंध दोन पानांचा होता. शेऱ्यानंतरचा नऊ ओळींचा आहे. कारण विचारतां म्हणाली, “आजोबा, जे शब्द नक्की चालतात, तेवढेच लिहिले.”