प्रत्येक जखम म्हणजे खरूज नव्हे

पिंपरी-चिंचवडमधील मोशीच्या कचरा डेपोच्या आसपास एखाद्या भटक्या कुत्र्याचे कान, ओठ, हिरड्या सोललेल्या दिसल्या, की ती खरूजच, असे धरून चालू नये. क्वचित शरीराची प्रतिकारशक्तीच त्वचेच्या वरच्या थराला खालच्या थराशी बांधून ठेवणाऱ्या कोलॅजन १७ सारख्या प्रथिनांवर उलटते. थर सुटतो, फोड येतात. पेम्फिगॉइड नावाचा हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही, मग त्या जनावराला हुसकावण्यात काय अर्थ? आजार दुर्मीळ, तपासणीवर खर्च कशाला, हा आक्षेप समजण्यासारखा आहे. पण पेम्फिगॉइड समजून अंदाजाने दिलेल्या स्टेरॉइडने खरजेत दुखणे उलट बळावते. म्हणून आधी त्वचा खरवडून खरजेचे किडे पाहावेत, ते नसतील तरच ताज्या फोडाच्या कडेचा तुकडा काढावा आणि तो परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी तपासून घेण्याची सोय महापालिकेने करावी.