चार दिवस, एकच शहर

दिवाळीच्या सुट्टीत बँकॉकला जायचे, हे बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी एका संध्याकाळीच ठरले. जायचे कसे, यावर मात्र दोन आठवडे गेले. टेबलावर सहलीचा छापील कार्यक्रम होता: पाच रात्री, त्यांतल्या दोन पट्टायाला, एक दिवस बेटावर, एक दिवस सफारी, वाटेत रत्नांच्या दुकानात थांबा आणि खुद्द बँकॉकसाठी अर्धा दिवस. दोन्ही वेळचे जेवण गुजराती, ते रांधायला सोबत महाराज. असा कागद बडोद्यातल्या अनेक मराठी घरांत येतो, म्हणून त्याचा विचार चारचौघांत व्हावा असे वाटते.

आधी त्या कागदाची बाजू. ती हलकी नाही. घरात सत्तरीची आजी आहे, तिचे गुडघे दुखतात, आणि बँकॉकचा राजवाडा म्हणजे उन्हात तापलेली फरसबंदी अंगणे. दारापर्यंत येणारी बस, खोलीची व्यवस्था आधीच लागलेली, कुणी आजारी पडले तर धावणारा माणूस, या गोष्टींची किंमत तरुण माणसाला कळत नाही. ज्यांचा पासपोर्ट पहिल्यांदाच निघाला आहे त्यांना गटाचा आधार वाटतो, आणि खर्चाचा आकडा आधीच कळतो. जेवणाचे तर विचारूच नका. थाई स्वयंपाकात नाम प्ला, म्हणजे माशांचा आंबवलेला रस, मिठाच्या जागी पडतो. कच्च्या पपईच्या सोम तामसारख्या निरुपद्रवी दिसणाऱ्या कोशिंबिरीत सुकी कोळंबी असते, हिरव्या करीच्या वाटणात कोळंबीची चटणी. ‘मांस नको’ एवढे सांगून भागत नाही, कारण रांधणाऱ्याच्या मनात माशांचा रस मांसात मोडतच नाही. ज्या घरात कांदाही चालत नाही, त्या घराने महाराज सोबत नेला तर त्याला नावे ठेवण्याचा अधिकार कुणाला नाही.

तरीही तो अर्धा दिवस मला सलतो, आणि सलण्याचे कारण बडोद्यातच आहे.

आपल्या विद्यापीठाच्या प्राच्यविद्या मंदिराने वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. १९६० साली बालकांड आले, १९७५ साली उत्तरकांड. देशभरातली, वेगवेगळ्या लिप्यांतली हस्तलिखिते शेजारी शेजारी ठेवून, श्लोकामागून श्लोक ताडून पाहून ती उभी राहिली. त्यातले युद्धकांड १९७१ साली प. ल. वैद्य यांच्या संपादनाखाली निघाले. आणि बँकॉकच्या राजवाड्यात, पाचूच्या बुद्धाच्या मंदिराभोवतीच्या ओवरीत, याच कथेची १७८ चित्रे भिंतीवर आहेत. तिथे तिचे नाव रामकियन. सीता तिथे सिदा, लक्ष्मण लाक, रावण तोसकान, म्हणजे आपला दशकंठ. सेतू बांधताना त्याची मुलगी सुवण्णमच्छा, सोनेरी मत्स्यकन्या, दगड पळवते, आणि हनुमान तिच्या प्रेमात पडतो. ब्रह्मचारी मारुतीला शनिवारी तेल वाहणाऱ्या आपल्याला हे वाचून क्षणभर दचकायला होते. वैद्यांच्या युद्धकांडात ही कथा नाही. कथा समुद्र ओलांडून गेली, तिथल्या माणसांनी ती आपली केली आणि तिथले राजे स्वतःला राम म्हणवू लागले. ज्या गावाने रामायणाचा मूळ पाठ शोधण्यात वर्षे घातली, त्या गावच्या माणसाने ही भिंत बसच्या वेळापत्रकात वीस मिनिटांत उरकावी, हे मला पटत नाही. कीर्ती मंदिरात नंदलाल बोसांच्या भित्तिचित्रांसमोर, तांबेकर वाड्याच्या रंगवलेल्या खोल्यांत आपण लहानपणापासून उभे राहिलो आहोत. भिंत वाचायला वेळ लागतो हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

जेवणाचा हिशेबही पुन्हा मांडावा लागतो. बँकॉकमध्ये ‘जे’ नावाचे जेवण आहे. चिनी वंशाच्या थाई लोकांचा हा आहारनियम: मांस, मासे, अंडी, दूध नाही, आणि कांदा-लसूणही नाही. पिवळ्या पताकेवर लाल अक्षर दिसले की तिथे बसावे. ‘किन जे’, म्हणजे ‘जे’ खातो, एवढे दोन शब्द ‘मांस नको’पेक्षा कितीतरी जास्त काम करतात. कंदमुळे न खाणाऱ्यांनी मात्र बटाट्याचे वेगळे विचारावे, आणि सोया-गव्हाचे मांसासारखे दिसणारे तुकडे ताटात आले तर घाबरू नये. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्याचे पहिले नऊ दिवस तिथे या जेवणाचा उत्सव असतो. यावारात ही चिनी वस्ती तेव्हा पिवळ्या पताकांनी भरून जाते. हे नऊ दिवस बहुतेक वर्षी आपल्या नवरात्राशी जुळतात. २०२४ साली दोन्ही ३ ऑक्टोबरला बसले. त्या दिवसांत गरबा सोडून बडोदेकर कुठे जाणार? पण दोन पंचांगांचा अधिक महिन्याचा हिशेब वेगळा, त्यामुळे २०२५ साली नवरात्र २२ सप्टेंबरला बसले आणि तो उत्सव २१ ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत. सुट्टीच्या तारखा ठरवताना शाकाहारी घराने हे पंचांग एकदा पाहावेच.

आंब्यासाठी जायचे तर गोष्ट वेगळी. नारळाच्या दुधातला चिकट भात आणि सोबत पिकलेला आंबा, हे ताट एप्रिल-मे महिन्यांत खरे. केसर आंब्यावर वाढलेल्या जिभेलाही ते आवडेल. पण तेव्हाचा उकाडा आजीला झेपणार नाही. ऑक्टोबरात पाऊस असतो, नोव्हेंबरपासून हवा निवळते. कोरडे दिवस आणि जे-उत्सव दोन्ही पूर्ण मिळत नाहीत, काहीतरी सोडावे लागते. आम्ही कोरडे दिवस सोडले.

मुलांची तक्रार समुद्राची, आणि ती खरी आहे. पण समुद्र त्यांना दीवलाही मिळेल. चार-पाच दिवसांतला एक दिवस पट्टायाच्या जाण्यायेण्यात घालवणे मला महाग वाटते, पैशांपेक्षा वेळेने. बडोद्याहून अहमदाबादचा विमानतळ दोन तास, पुढे थेट विमान, घड्याळ दीड तास पुढे. या धावपळीतच दोन दिवस अर्धे होतात. जुलै २०२४ पासून भारतीयांना तिथे व्हिसाविना ६० दिवस राहता येऊ लागले आणि १ मे २०२५ पासून आगमनाचा फॉर्म ऑनलाइन भरावा लागतो. असे नियम बदलतात, तिकीट काढण्याआधी पाहून घ्यावेत.

माझा कौल असा: चार रात्री एकाच हॉटेलात, नदीजवळ. सकाळी एक जागा, दुपारी विश्रांती, संध्याकाळी खाणे. वाट फो मंदिरातल्या ४६ मीटर लांबीच्या निजलेल्या बुद्धापासून होडीने नदीपलीकडे वाट अरुण मंदिर, तिथे अख्खी सकाळ. आजीसाठी राजवाड्याच्या दिवशी गाडी आणि मार्गदर्शक, तिथे काटकसर नको. एक जेवण ‘जे’, एक फाहुरातच्या भारतीय गल्लीत. तिथल्या गुरुद्वाऱ्यात लंगरही असतो. न्याहारीला थेपले आणि छुंदा घरचे. ज्या घरात चालणे किंवा पथ्य खरोखर कठीण आहे त्याने गटानेच जावे, फक्त शहरासाठी दोन पूर्ण दिवस मागून घ्यावेत. दहा-बारा घरांनी मिळून मागितले तर कंपनीला कार्यक्रम बदलणे परवडते.

आमच्या घरी आता एवढे लिहून ठेवले आहे: पहिली सकाळ, साडेआठ, राजवाडा उघडताच. गुडघे झाकलेले कपडे, पाण्याच्या बाटल्या, ओवरीत उत्तरेच्या दारापासून सुरुवात. कथा तिथूनच सुरू होते.