सी, डी, ई आणि शेंदऱ्या



"अंकासाठी काहीतरी लिहा, पण कृपा करून संगणकावर नको," असे ताईंनी मला बजावले होते. तरीही संगणकावरच लिहितो आहे, कारण दुसरे काही मला येत नाही. मात्र विषय संगणकाचा दिसला तरी भांडण नावांचे आहे, आणि नावे सर्वांनाच असतात.

मागच्या हिवाळ्यात आमच्या कन्येने क्रिंगलोपच्या दुकानातून एक जुना ४८६ संगणक पंधरा युरोंना उचलून आणला. घरी आणून चालू केला तर चक्क चालू झाला! आत एकच हार्ड डिस्क, पण तिचे चार भाग केलेले. या भागांना पार्टिशन म्हणतात. पूर्वी वाड्यात एकाच खोलीत पडदा लावून दोन बिऱ्हाडे करीत, तसाच हा प्रकार. आधीचा मालक भलताच टापटिपीचा असावा, कारण त्याने प्रत्येक भागाला डचमध्ये नाव दिले होते : सिस्तेम, स्पेलेत्येस (म्हणजे खेळ), ब्रीव्हन (म्हणजे पत्रे) आणि आड्मिनिस्त्रात. शेवटचे नाव तुटके, कारण डॉसमध्ये नावाला ११ अक्षरांचीच जागा असते आणि 'आड्मिनिस्त्रात्सी' हा डच शब्द रोमन लिपीत १३ अक्षरांचा होतो.

परक्याची पत्रे आपण वाचायची नसतात. दुकानात विचारले, पण संगणक कोणी दिला याची त्यांच्याकडे नोंद नव्हती. तेव्हा सगळे पुसायचे ठरवले. भाग पुसण्यासाठी डॉसमध्ये एफडिस्क नावाचा प्रोग्रॅम असतो. तो पुसण्याआधी म्हणतो, या भागाचे नाव टाइप करा. कन्येने 'ब्रीव्हन' असे एकेक अक्षर दाबत लिहिले आणि माझ्याकडे पाहून विचारले, "बाबा, नक्की ना?"

हा प्रश्न तिला स्पेलेत्येस पुसताना पडला नव्हता. माझे सगळे म्हणणे या एका प्रश्नात आहे. डिस्कच्या भागाला अक्षर असून भागत नाही, नाव हवे. आणि ते आपल्या भाषेतले हवे.

आता ही अक्षरे आली कुठून ते सांगतो. मुले मला नेहमी विचारतात की विंडोजमध्ये सी ड्राइव्ह असतो, मग ए आणि बी कुठे गेले? गॅरी किल्डॉल यांनी १९७४ च्या सुमारास सीपी/एम नावाची प्रणाली लिहिली, तीत ड्राइव्हना ए, बी अशी अक्षरे होती. पुढे डॉसने तीच रीत उचलली. १९८१ च्या आयबीएम पीसीला एक किंवा दोन फ्लॉपी ड्राइव्ह असत, त्यांना ए आणि बी मिळाले. १९८३ साली पीसी एक्सटी आला तो १० मेगाबाइटची हार्ड डिस्क घेऊन. तिच्या वाट्याला उरलेले सी आले. फ्लॉप्या गेल्या, पण सी अजून तिसऱ्या पाटावरच बसला आहे. पहिले दोन पाट रिकामे!

अक्षर म्हणजे पंगतीतली जागा. जागेचा दोष असा की मध्ये कोणी येऊन बसले की सगळे सरकतात. डॉसमध्ये आधी प्रत्येक डिस्कच्या मुख्य भागाला अक्षर मिळते, आणि मग उरलेल्या भागांना. म्हणजे तुमच्या डिस्कवर सी आणि डी असे दोन भाग असतील आणि तुम्ही मुख्य भाग असलेली दुसरी डिस्क बसवली, तर डी होते ती नवी डिस्क, आणि तुमचा जुना डी मुकाट्याने ई होतो. आतली एकही फाइल हललेली नसते. फक्त हाक मारायचे अक्षर बदललेले असते.

हे मला पुस्तकातून कळले नाही. १९९८ साली मी कॉलेजात होतो. घरी विंडोज ९५ चा संगणक होता. माझे वडील शाळामास्तर. निवृत्तीनंतर ते रोज दुपारी मराठी फाँटमध्ये आमच्या गावच्या शेताची हकीकत टंकत असत. विहीर कोणी खणली, बांधाचा तंटा कसा मिटला, आणि मुख्य म्हणजे बांधावरचे आंबे. प्रत्येक झाडाला नाव होते : शेंदऱ्या, गोटी, खोबऱ्या, केळ्या. कोणाची चव कशी, कोणाखाली कोणाचे लग्न ठरले, सगळे. हे सगळे डी मध्ये होते. मी जुन्या बाजारातून दुसरी डिस्क आणली, बसवली, तिच्यावर मुख्य भाग केला. सी आणि डी आधीचे, म्हणजे नवा ई, असा साधा हिशेब केला. माय कॉम्प्युटर उघडले तर तीन सारखी चित्रे आणि खाली कंसात सी, डी, ई. नाव एकालाही नाही. ई फॉरमॅट केला आणि वर हौसेने खेळ भरून ठेवले, त्यामुळे परत मिळण्याची आशाही गेली.

बाबा रागावले नाहीत. "पुन्हा लिहीन," म्हणाले. लिहिले नाही.

त्या चित्राखाली 'आंबे' एवढा एक शब्द असता तर माझे बोट थांबले असते असे मला आजही वाटते. फॉरमॅट करणारा गाढवपणा माझाच, पण यंत्राने मला ओळख पटवून देण्याची संधी मीच ठेवली नव्हती.

असे घोटाळे मोठमोठ्यांचे झाले आहेत. आपल्या ॲमस्टरडॅमच्या फ्राय विद्यापीठात प्रा. अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी १९८७ साली मिनिक्स ही प्रणाली विद्यार्थ्यांसाठी काढली. तिच्यात भागांना नुसते आकडे असत. एचडी १ ते ४ हे पहिल्या डिस्कचे भाग, एचडी ५ म्हणजे दुसरी अख्खी डिस्क, आणि एचडी ६ हा तिचा पहिला भाग. (लक्षात राहते का पाहा!) हेलसिंकीचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याच मिनिक्सवर काम करीत होता. १९९१ मध्ये त्याने मोडेमऐवजी चुकून हार्ड डिस्कलाच फोन लावला आणि मिनिक्सचा भाग खराब करून ठेवला. मग त्याने मिनिक्स पुन्हा न बसवता स्वतःच्या लिनक्सवरच सगळी भिस्त ठेवली. त्याचे नुकसान जगाच्या पथ्यावर पडले. प्रत्येकाचे नशीब एवढे चांगले नसते.

याउलट कमोडोर कंपनीचा अमिगा फार समजूतदार. त्याच्यात डिस्कला स्वतःचे नाव असे, आणि ती कुठल्याही ड्राइव्हमध्ये घातली तरी यंत्र तिला नावानेच ओळखे. सापडली नाही तर तो सरळ म्हणे, अमुक नावाची डिस्क घाला. ॲमस्टरडॅमच्या जुन्या घरांवर कोरलेले रंगीत दगड तुम्ही पाहिले असतील, खेव्हलस्टेन. घरांना नंबर नव्हते तेव्हा लोक त्या चित्रांवरून घर सांगत. अमिगाची रीत तीच.

जुने संगणक जपणारे माझे काही मित्र म्हणतात, यंत्र जसे होते तसेच ठेवावे, नावे बदलणे म्हणजे इतिहासाची मोडतोड. संग्रहालयासाठी ते खरे आहे. पण घरातले यंत्र वापरायचे असते. आणि 'डिस्क १', 'डिस्क २' अशी नावे ठेवणारे तर मला मुळीच पटत नाहीत. ते नाव नव्हे, नाव टाळण्याची युक्ती आहे.

आमच्या ४८६ ची नावे ठरवताना घरात वाद झाला. माझे मत होते की आत काय आहे ते नावात असावे : प्रणाली, खेळ, पत्रे. कन्या म्हणाली, पत्रे म्हणजे छपरावरचे का? (रविवारच्या वर्गाचा हा परिणाम! ताईंचे आभार.) आत काय आहे ते उद्या बदलेल, नाव कशाला बदलायचे, असेही तिने ऐकवले. तिला आजोबांच्या आंब्यांची नावे हवी होती. मी हरलो. डॉसला देवनागरी येत नाही, म्हणून नावे रोमन लिपीत घातली. आजच्या विंडोजवर ती अडचण नाही, देवनागरीत नाव देता येते. पालकांनी घरी जरूर करून पाहावे. रोमनचा घोटाळा मात्र लगेच दिसला. शेजारचा डच मुलगा खेळायला आला आणि त्याने पडद्यावरची 'गोटी' मोठ्याने 'खोटी' अशी वाचली. त्याच्या भाषेत ते अक्षर घशातूनच येते, त्याला तो काय करणार! 'आजोबा' असे नाव दिले असते तर 'आयोबा' झाले असते. आता तो विचारतो, खोटीवरचा खेळ लावू का, आणि आम्ही कोणी त्याला सुधारत नाही.

शेंदऱ्यावर प्रणाली आहे, गोटीवर खेळ, खोबऱ्यावर कन्येचा गृहपाठ. संगणकाच्या झाकणाच्या आत एक कागद चिकटवला आहे, कोणत्या नावाचा भाग केवढा ते लिहून. चौथ्या भागाला अजून नाव नाही आणि त्यात काही ठेवू दिलेले नाही. केळ्या चालला असता, पण कन्येला विहिरीजवळच्या झाडाचेच नाव पाहिजे. मला ते आठवत नाही. गेल्या रविवारी तिने आजोबांना फोनवर विचारले. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "आठवले की सांगतो."