पेशी परतल्या, आठवण नाही

उसात हरळी माजली की न्हावऱ्याच्या रानात नुसतं खुरपून भागत नाही. नांगरून, मुळ्या वेचून नव्यानं लागण करावी लागते. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये, म्हणजे एमएसमध्ये, शरीराच्याच संरक्षक पेशी मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांचं आवरण कुरतडतात. निवडक रुग्णांत डॉक्टर अशीच नांगरणी करतात. रुग्णाच्याच मूलपेशी (स्टेम सेल) काढून गोठवतात, जबर केमोथेरपीनं जुनी प्रतिकारशक्ती मोडतात आणि त्या पेशी परत सोडतात. मूलपेशी नसा दुरुस्त करत नाहीत, मोडलेलं रक्त पुन्हा उभं करतात. नुसत्या स्टेम सेलच्या इंजेक्शनवर चालायला लावतो म्हणणाऱ्यापासून लांब राहा.

2019 साली प्रसिद्ध झालेल्या 110 रुग्णांच्या चाचणीत असं मूलपेशींचं प्रत्यारोपण झालेल्यांपैकी तिघांचा आजार बळावला, औषधांवर ठेवलेल्यांपैकी 34 जणांचा.

मला काळजी आहे ती प्रत्यारोपणानंतरच्या दोन वर्षांची. पंधरवड्यात रिपोर्टमधल्या पांढऱ्या पेशी वर येतात, रुग्ण घरी येतो, घरच्यांना वाटतं सुटलो. पण आधी परततात त्या साध्या पहारेकरी पेशी. प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशींना काही महिने लागतात, आणि त्या कोऱ्या असतात. सगळ्यांत उशीर मदतनीस टी पेशींना. नव्या टी पेशी छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत तयार होतात, आणि ही ग्रंथी वयाबरोबर आक्रसते. म्हणून वर्ष-दोन वर्षं जातात. या कोरेपणातच उपचाराचं यश आहे. मात्र नसांशी धरलेल्या वैरासोबत लहानपणीच्या लसींची आठवणही पुसट होते.

अशा माणसानं उकिरडा उपसू नये, भिजलेल्या बगॅसजवळ जाऊ नये. तिथली बुरशी फुप्फुसात शिरते. घरात कुणाला टीबी असेल तर डॉक्टरांना आधी सांगावं. तान्ह्या बाळाला पोलिओचे थेंब द्यायचे असतील तरी विचारावं, कारण त्यातला जिवंत विषाणू बाळाच्या शीतून बाहेर पडतो.

लसी पुन्हा घ्याव्या लागतात. धनुर्वात, न्यूमोनियाच्या लसी काही महिन्यांनी. गोवराची जिवंत लस दोन वर्षांच्या आत नाही, नंतरही डॉक्टरांनी तपासूनच. आपलं सरकारी लसीकरण मात्र मुख्यतः मुलं आणि गरोदर बायांसाठी आखलेलं आहे. 2016 च्या अपंगत्व कायद्यानं एमएसला अपंगत्वाच्या यादीत घेतलं. आता या लसीही गावाजवळ, फुकट मिळायला हव्यात. डिस्चार्जच्या कागदासोबत मराठीत लसींचं वेळापत्रक द्या. आणि बाळांच्या रांगेत चाळिशीचा गडी तो कागद घेऊन आला, तर सिस्टरनं त्याला पुण्याला पाठवू नये.